चिखल्याक वाट कोणी दाखवल्यान?

एक होता चिखल्या.

जन्म लडाखचा. तिथे त्सो कार नावाचं खारं तळं आहे, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटर उंचावर. काठाला मिठाचा पांढरा थर, भोवती बोडके डोंगर, चरणारी रानगाढवं आणि जूनअखेरही रात्री दात वाजवणारी थंडी.

"समुद्रसपाटी म्हणजे ही?" धाकट्या नातीने होडीतून हात खाली सोडून पाण्याला लावला.

हीच समज, म्हटलं. वालावलचा काठ आत्ता मागे पडला, पण भरतीचं पाणी तिथवर चढतं. म्हणजे आपण शून्य मीटरवर बसलोय. साडेचार हजारावरून शून्यावर कसं यायचं, तीच तर गोष्ट आहे.

मुंबईची दोन्ही नातवंडं चतुर्थीला आली होती. गौरी-गणपती पाण्यात गेले, मोदक संपले, फोनचं नेटवर्क काही येईना, तेव्हा दोघांना कर्ली नदीतून थेट देवबागच्या संगमापर्यंत न्यायचं ठरवलं. होडीवाला माझा जुना विद्यार्थी. शाळेत गणितात कच्चा होता, पण तिथीवरून भरती सांगण्यात पंचांगाच्या वरताण. "आज दशमी. दहाचो पाऊणपट साडेसात. साडेसाताक भरती पुरी. मगे पाणी सुटला की पाण्याबरोबर खाली जावया. पावणेदोनाक सुकती. येताना परत भरती आपल्याक वर हाडतली." वल्ही कमी, पाणी जास्त, असा त्याचा हिशेब. वर एक तळटीप दिलीन, की भांगाचे दिवस आहेत, पाणी फार मागे हटायचं नाही. उधाणाला आलात तर चिखल भरपूर उघडा पडतो.

तर चिखल्या. आईने तळ्याकाठच्या उघड्या जमिनीत पायांनी एक खळगी उकरली आणि तीन अंडी घातली. काटक्या नाहीत, कापूस नाही. मातकट अंड्यांवर काळे ठिपके. शेजारचे खडेही तसेच. थोरल्या नातवाला हे पटेना. उघड्यावर अंडी? मग मळ्यातल्या टिटवीची आठवण दिली. मे महिन्यात तिच्या अंड्यांवर तुझा पाय पडता पडता वाचला होता ना? टिटवी आणि चिखल्या एकाच कुळातले. कोल्हा जवळ आला की या कुळातले बरेच पक्षी पंख मोडल्याचं सोंग करतात, लंगडत लंगडत कोल्ह्याला लांब नेतात आणि पुरेसं अंतर पडलं की भुर्रकन उडून जातात.

तीन आठवडे उबवल्यावर पिल्लं बाहेर पडली. कावळ्याचं पिल्लू अंड्यातून निघतं ते आंधळं, उघडं आणि तोंड वासून. चिखल्याचं तसं नाही. डोळे उघडे, अंगावर मऊ पिसं, आणि ती वाळली की काही तासांतच धावायला तयार. त्याला कोणी भरवत नाही. पहिल्या दिवसापासून किडे त्याचे त्यानेच टिपायचे. आईबापांचं काम दोनच. गारठलं की पोटाखाली घ्यायचं आणि आकाशात ससाणा दिसला की ओरडायचं. सावध केलं की पिल्लू जागच्या जागी जमिनीला चिकटतं, मग खडा कुठला आणि पिल्लू कुठलं, ओळखून दाखवा.

महिन्याभरात पंखांत बळ आलं. आणि एके दिवशी बाप निघून गेला. आई तर त्याच्याही आधी गेलेली.

होडीवाल्याने वल्हं थांबवलं. "काय गुरुजी, बापूस पोराक टाकून गेलो?"

गेला, म्हटलं. गोष्ट गोड करायला मी त्याला परत आणणार नाही. थंडीच्या मुलखात वीण करणाऱ्या चिखल-पक्ष्यांमध्ये बऱ्याच जातींची हीच रीत. मोठे आधी निघतात, पोरं मागून. कारण काय? काही मुद्दे पटण्यासारखे आहेत. मोठ्यांचं तिथलं काम झालेलं असतं. तळ्याकाठचे किडे थोडक्या दिवसांचे, त्यांत वाटेकरी कमी झाले तर पोरांचंच भलं. शिवाय मोठ्यांना वर्षभर वापरून झिजलेली उडायची पिसं बदलायची असतात. ते काम एकेक पीस गाळत काही महिने चालतं, आणि त्यासाठी आपला उबदार, खायला भरपूर असलेला किनारा बरा. म्हणून श्रावणात, ऑगस्टमध्ये, संगमावर जे पहिले चिखल्या दिसतात ते मोठे. छातीवर अजून विटकरी रंगाचे डाग असतात, उन्हाळ्यातल्या लग्नाच्या पोशाखाचे. पोरं उतरतात ती भाद्रपदात.

"पण मग त्याला रस्ता कोणी सांगितला?" नातीने विचारलं.

मला हाच प्रश्न हवा होता. पण तेवढ्यात काठावरच्या एका दगडावरून काहीतरी उडालं आणि पाण्याला जवळजवळ पोट घासत, पंख ताठ धरून थरथरवत, पातळ आवाजात टी-टी-टी करत पुढच्या दगडावर जाऊन बसलं. बसल्यावरही बूड वरखाली, वरखाली, थांबायचं नाव नाही. ही तुतारी. पक्षी निरखायला शिकायचं तर पहिला धडा हिच्यापासून घ्यावा. रंगाने ओळखता आली नाही तरी चालीवरून ओळखू येते. छाती तपकिरी, पोट पांढरं, आणि खांद्यापाशी पोटाचा पांढरा रंग वर चढलेला. थोरल्याने दुर्बिणीतून तो पांढरा तुकडा बघितला आणि "दिसला!" म्हणून असा ओरडला की तुतारी थेट पलीकडच्या काठाला. दुसरा धडा आपोआप झाला.

आता रस्त्याचं. जर्मनीत पिंजऱ्यात पक्षी पाळणाऱ्यांना फार पूर्वीपासून एक गोष्ट ठाऊक होती. स्थलांतर करणारा पक्षी पिंजऱ्यात असला, पोटभर खायला असलं, थंडी नसली, तरी शरद ऋतू आला की तो रात्री झोपत नाही. उड्या मारत राहतो. रानातले त्याचे भाऊबंद उडत असतात, त्या रात्री हा पिंजऱ्यात तडफडतो. पुढे मोजणाऱ्यांनी मोजलं, तर लांब जाणाऱ्या जातींची तगमग जास्त रात्री टिकते, जवळ जाणाऱ्यांची लवकर विझते. म्हणजे किती रात्री उडायचं, हे रक्तातच लिहिलेलं.

आणि कुठल्या दिशेला? अमेरिकेत स्टीफन एम्लेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात एक स्वस्तातली युक्ती काढली. टीपकागदाचं नरसाळं केलं, तळाला शाईचा पॅड ठेवला, वरून जाळी लावली. आत निळ्या रंगाचा एक लहान गाणारा पक्षी. पक्ष्याचे पाय शाईत भिजायचे, तो निघायच्या घाईने ज्या दिशेला उडी मारायचा त्या बाजूच्या कागदावर पावलं उमटायची. सकाळी कागद उलगडायचा आणि कुठल्या बाजूला काळं जास्त झालं ते बघायचं. बस्स. हे नरसाळं एम्लेनने तारांगणात नेऊन ठेवलं. छतावर शरदाचं आकाश दाखवलं तर पावलं दक्षिणेला. आकाश फिरवून उत्तर-दक्षिण उलट केली तर पावलंही उलट.

ध्रुवबाळाची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. बाकीचे तारे फिरतात, तो अढळ. या पक्ष्याच्या पिल्लालाही नेमकं एवढंच दिसतं. पहिल्या उन्हाळ्यातल्या रात्री ते आकाशाचा जो भाग फिरत नाही तो हेरून ठेवतं आणि त्याच्याकडे पाठ करून उडायचं, हे धरून चालतं. एम्लेनने काय केलं, हातात वाढवलेल्या काही पिल्लांना खोटं आकाश दाखवलं. त्यात ध्रुवाच्या जागी मृग नक्षत्रातला तांबडा काक्षी. सगळं आकाश काक्षीभोवती फिरतंय. शरद आल्यावर त्या पोरांनी काक्षीकडे पाठ केली आणि कागदावर शाई उमटवली.

"बिचारी," नात म्हणाली.

बिचारी खरीच. पण बघ, ध्रुव कुठला हे ती शिकून आली नव्हती. "जे फिरत नाही ते शोध" एवढंच घेऊन आली होती. ढग असतील तेव्हा काय, तर पृथ्वीचं चुंबकत्व. जर्मनीत फ्रँकफुर्टला फ्रीडरिश मर्केल आणि वोल्फगांग विल्चको यांनी रॉबिन पक्ष्याभोवती चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलून दाखवली, तेव्हा पक्ष्याने आपली दिशाही बदलली. तेही १९६० च्या दशकातलंच काम. हे प्रयोग झाले ते गाणाऱ्या लहान पक्ष्यांवर. चिखल्याला कोणी नरसाळ्यात बसवलेलं मला माहीत नाही. पण तोही रात्रीच लांबचा पल्ला मारतो, आणि त्यालाही वाट दाखवायला बाप नसतो.

नदी रुंद झाली. डाव्या हाताला कांदळवन लागलं, त्याच्या पायाशी चिखलाची पट्टी उघडी पडायला लागली होती. होडीवाल्याने होडी तिथेच लांबवर उभी केली आणि तोंडावर बोट ठेवलं. त्याला सांगावं लागत नाही.

चिखलावर पहिला ओरडला तो टिलवा. लाल पायांचा. कुणीही आलं की सगळ्यांच्या आधी याला कळतं आणि सगळ्या खाजणाला कळवल्याशिवाय तो राहत नाही. रानात भेकर जे काम करतं ते चिखलावर हा करतो. आम्ही हललो नाही, तेव्हा त्याचं समाधान झालं. मग बाकीचे कामाला लागले आणि मुलांना मी छोटा कोरल दाखवला. त्याची चोच बघा, खाली वाकलेली. चिखलात एक नांगी मोठी असलेले बारके खेकडे असतात ना, त्यांची बिळं सरळ नसतात, वळणाची असतात. कोरलाने चोच घातली, मान तिरकी केली, डोकं आणखी तिरकं केलं आणि खेकडा बाहेर काढला. लगेच गिळला नाही. झटक्याने आपटून आपटून नांगी आणि काही पाय झाडून टाकले आणि उरलेला मुटका गिळला. पायही न धुता कुर्ल्यांचं जेवण. थोरला नातू एवढा वेळ फोन खिशात ठेवून बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

एकाच चिखलात इतके पक्षी भांडल्याशिवाय कसे जेवतात? चोचींची लांबी बघा म्हणजे कळेल. कोरल खोल जातो. टिलवा मध्यम. चिखल्याची चोच आखूड, तो खोल जातच नाही. त्याचं सगळं काम डोळ्यांवर. म्हणून डोळे एवढे मोठे. चार पावलं धावतो, थबकतो, बघतो, टिपतो, परत धावतो. रात्रीही. बाकीचे चोच खुपसत चालतात, हा थांबत थांबत धावतो. लांबून आकार कळला नाही तरी हे धावणं-थबकणं दिसलं की चिखल्या किंवा त्याच्या कुळातला कोणीतरी आहे, हे नक्की समजायचं.

डोक्यावरून चतुरांचा थवा चालला होता, भातावर भाद्रपदात दिसतो तसा. हे पिवळसर चतुर काही नुसते बागडायला आलेले नसतात. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन नावाच्या समुद्रजीवशास्त्रज्ञाने पाहिलं की दर ऑक्टोबरात तिथे हजारो चतुर उतरतात. त्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, मग हे आले कुठून? २००९ मध्ये त्याने मांडलं की हे भारतातून निघतात आणि वाऱ्यावर समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात. नोव्हेंबरात कोकणावरून अमूर ससाणे जातात, आफ्रिकेलाच, आणि वाटेत या चतुरांवर ताव मारत असावेत असा अँडरसनचा अंदाज. त्यांची गोष्ट मोठी आहे, दिवाळीला आलात तर सांगेन.

चिखल्याकडे येऊ. दिशा रक्तात, रात्रींचा आकडा रक्तात. म्हणजे पोराला सगळं ठाऊक झालं का? नाही झालं. हे सिद्ध करायला एका डच माणसाने मोठा खटाटोप केला. पेरडेक त्याचं नाव. १९४८ पासून पुढे दहाएक वर्षं त्याने हॉलंडमध्ये शरदात जाणारे स्टार्लिंग पकडले. साळुंकीचेच भाऊबंद हे. थोडेथोडके नाहीत, अकरा हजारांच्या वर. पायात कड्या घातल्या आणि विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडून दिले. त्यांचा नेहमीचा मुक्काम उत्तर फ्रान्स आणि दक्षिण इंग्लंड, म्हणजे हॉलंडहून नैर्ऋत्येला. आता सांगा, स्वित्झर्लंडहून ते कुठे गेले असतील?

नातू म्हणाला, उत्तर फ्रान्सला. नात म्हणाली, नैर्ऋत्येला.

दोघंही बरोबर. म्हातारे, म्हणजे आधी एकदा जाऊन आलेले, ते वायव्येला वळले आणि आपल्या जुन्या मुक्कामाकडे गेले. त्यांना ठिकाण माहीत होतं. पहिल्या वर्षाची पोरं मात्र शहाण्यासारखी नैर्ऋत्येलाच उडत राहिली, जेवढं उडायचं होतं तेवढं, आणि पोचली दक्षिण फ्रान्स आणि स्पेनमध्ये. त्यांच्याजवळ दिशा होती, अंतर होतं, ठिकाण नव्हतं. पुढची गंमत अशी की यातली काही पोरं पुढच्या हिवाळ्यातही स्पेनलाच सापडली. पहिल्यांदा जिथे उतरलो तेच आपलं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

होडीवाला बराच वेळ काही बोलला नव्हता. आता म्हणाला, "म्हणजे वाट आवशी-बापाशीची, आणि गाव आपापलो."

मी चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं, इतकं थोडक्यात मला कधी सांगता आलं नाही.

कड्यांवरून आठवलं. पक्ष्याच्या पायात क्रमांकाची ॲल्युमिनियमची कडी घालायची ही रीत डेन्मार्कच्या एका शाळामास्तराने सुरू केली, हान्स मॉर्टेनसेन, १८९९ साली. (मास्तर लोकांना सुट्ट्या असतात, त्या अशा कामी लागतात.) आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर कड्या घातल्या गेल्या १९५९ पासून, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे, सालिम अलींच्या पुढाकाराने. आणि त्यामागचं कारण तुम्हांला सिंधुदुर्गातच कळेल, कारण माकडताप दोडामार्गपर्यंत आलेला आहे. तो १९५७ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा ओळखला गेला. त्याचा विषाणू रशियातल्या एका तापाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला आणि शंका आली की उत्तरेकडून येणारे पक्षी गोचिडांबरोबर तो घेऊन आले की काय. शोध घ्यायला जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले. पक्ष्यांवरचा आळ टिकला नाही, पण त्या निमित्ताने हजारो पायांत कड्या पडल्या आणि कोण कुठून येतो याचे धागे हाती लागायला लागले.

हल्ली कडीबरोबर उपग्रहाशी बोलणारं यंत्रही लावतात. त्यामुळे पाणटिवळ्याचं जे गुपित उघडं पडलं ते ऐका. पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा, कोरलाएवढी लांब पण सरळ, किंचित वर वळलेली चोच. ऑक्टोबर २०२२ मध्ये अलास्काहून एक निघाला आणि ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर उतरला. १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस, मध्ये कुठेही न थांबता. खाली सगळा प्रशांत महासागर, आणि त्याला पाण्यावर बसता येत नाही. न खाता, न पिता. निघण्याआधी हे पक्षी इतकी चरबी साठवतात की निम्मं वजन चरबीचं होतं, आणि आतडी, जठर यांसारखी उडताना नको असलेली इंद्रियं आकसून लहान करून टाकतात. पोचल्यावर परत वाढवतात. आणि हा विक्रमवीर किती वर्षांचा होता? पाच महिन्यांचा. पोरगंच ते. त्याच वर्षी जन्मलेलं.

नातू म्हणाला, आमच्या चिखल्याचं अंतर त्यामानाने काहीच नाही. काहीच नाही, कबूल. त्सो कार ते देवबाग सरळ रेषेत जवळपास दोन हजार किलोमीटर. ताशी पन्नास धरले तर चाळीस तास. पण त्याचं वजन कोंबडीच्या एका अंड्याएवढं आहे, हे विसरू नको.

दुपार झाली तेव्हा संगम आला. एका बाजूला देवबागची वाळूची लांब जीभ, पलीकडे भोगवे, मध्ये नदी समुद्रात शिरते. तिथे मध्येच वाळूचा एक उंचवटा आहे. २००४ च्या त्सुनामीत तो वर आला म्हणतात, म्हणून त्सुनामी बेट. हंगामात तिथे पाण्यावरच्या फटफट्या, रंगीत छत्र्या, भेळ, सगळी जत्रा असते, आणि कुरवांना फरसाण फेकून फोटो काढणारे शेकड्याने. पक्ष्याला चोवीस तासांत चिखल उघडा मिळतो तो दोनदाच. त्यातला निम्मा वेळ त्याने फटफटीपासून उडण्यात घालवला तर चरबी साठवणार कधी? मला हे बोलायचा अधिकार नाही असं गावात काहींचं मत आहे, कारण माझं पोट पर्यटनावर नाही. असेल. पाऊस अजून सरला नव्हता म्हणून त्या दिवशी बेट रिकामं होतं.

कुरवही अजून यायचे होते. ते चार आठवड्यांनी येतील. तपकिरी डोक्याचा कुरव हा चिखल्याचा लडाखमधला शेजारीच, त्याच तळ्यांवर त्याची वीण होते. सुरय मात्र होते, तुरेवाले मोठे, पिवळ्या चोचीचे, सगळे वाऱ्याकडे तोंड करून ओळीने बसलेले. समोर क्षितिजावर निवतीच्या बाजूला वेंगुर्ला रॉक्सचे खडक दिसत होते, दीपगृहासकट. तिथे सुरयांच्या वसाहती असतात. आणि गुहांमध्ये पाकोळ्या, ज्या थुंकीची घरटी बांधतात आणि अंधारात वटवाघळासारखा आवाज टाकून प्रतिध्वनीवर वाट काढतात. हुमायून अब्दुलालींनी तिथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर १९४२ साली लिहून ठेवलं आहे.

आम्ही होडी वाळूला लावली आणि तिथेच बसून राहिलो. उभं राहिलेल्या माणसाला पक्षी घाबरतात, बसलेल्याला कमी. पाणी परत चढायला लागलं तसा चिखल आक्रसला आणि लांब लांब पांगलेले पक्षी आपोआप आमच्याकडे सरकायला लागले. पक्षी बघायची ही खरी वेळ. सुकतीच्या मागे धावायचं नाही, भरतीची वाट बघायची.

तीस पावलांवर चिखल्या होते. दुर्बीण नातीच्या हातात. सांग काय दिसतं. वरून मातकट, खालून पांढरं, छातीच्या दोन्ही बाजूंना मातकट डाग, पाय काळसर. "आणि पाठीवर खवले आहेत." नीट बघ. "खवले नाहीत. प्रत्येक पिसाला फिकट कड आहे. म्हणून खवल्यांसारखं दिसतंय." तेच. मोठ्यांची पिसं वर्षभर झिजलेली असतात, त्यांना अशी स्वच्छ कड नसते. ही कड ज्याला आहे तो या वर्षीचा. यंदा जूनअखेर अंड्यातून निघालेला आणि एकट्याने आलेला. एकट्याने म्हणजे अगदी एकटाच असं नाही. बरोबर असतील चारदोन, पण तेही त्याच्याच वयाचे, वाट न पाहिलेले.

"ह्या सगळ्यांत तसे किती?" नातवाने विचारलं. त्याला आता मोजायचं होतं. मोजू द्यावं. मोजताना पोरं गप्प बसतात आणि पक्षीही.

मग होडीवाल्याने तो प्रश्न विचारला, जो कुणीतरी विचारील म्हणून मी गेली कित्येक वर्षं वाट पाहत होतो. "गुरुजी, एक सांगा. सगळे चैत-वैशाखात जातत, पण मे महिन्यातय हय चार-पाच बारके रवतत. आमी समाजतो, पंख मोडलेले असतले, म्हणान रवले. खरा काय?"

पंख मोडलेला एखादा असेलही, म्हटलं. पण बहुतेक धडधाकट असतात. तीच ही पोरं. पहिल्या वर्षी चिखल्याची बरीच पोरं वीण करायच्या वयाची झालेली नसतात. मग दोन हजार किलोमीटर जायचं, साडेचार हजार मीटर चढायचं, ते कशासाठी? काही अर्ध्यात थांबतात, काही इथेच राहतात. लाल छातीही धड येत नाही त्यांना. अख्खा उन्हाळा आपल्या पुळणीवर काढतात, पावसाळाही, आणि पुढच्या श्रावणात मोठे परत येतात तेव्हा हे आधीच इथे हजर असतात.

नातीने दुर्बीण खाली केली. "म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत आलो तर हाच असेल?"

"असतलो गो बाय," होडीवाला म्हणाला. "पण सकाळी साताच्या आत येवा. मगे वाळू तापता आणि फटफटयेवाले येतत."